दोन इंच सैल

४ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

आशीर्वाद. पत्र पाहून दचकू नकोस. तुझी वहिनी जिवंत आहे आणि मीही आहे. हे आधीच लिहितो, कारण माझं अक्षर पाहिलं की तुला काहीतरी वाईट घडलं असं वाटतं, आणि एरवी ते खरंही असतं.

फोन का केला नाही, तर फोन तिच्या पलंगाशेजारी आहे. शिवाय मला कमी ऐकू येतं म्हणून मी ओरडून बोलतो, आणि जे विचारायचं आहे ते ओरडून विचारण्यासारखं नाही. जिन्याखालच्या बाकावर चार बायका दिवसभर बसलेल्या असतात.

ऑपरेशन चौदा जानेवारीला झालं ते तुला ठाऊक आहे. छातीचं मधलं हाड उभं कापतात, आतलं काम उरकतात आणि मग ते हाड तारेनं बांधून वरून कातडी शिवतात. गळ्याच्या खळगीपासून खाली वीतभर शिवण आहे. मी शिवणारा माणूस, म्हणून पाहिली. टाके एकसारखे आहेत, हात चांगला आहे. पण शिवणीच्या अगदी खालच्या टोकाला ओल आहे. घरी येऊन अकरा दिवस झाले तरी ती वाळत नाही. पट्टी बदलायला दवाखान्यातून एक माणूस येतो. तो इतका सभ्य आहे की छताकडे बघूनच पट्टी बदलतो. ओल आहे एवढंच तो म्हणतो.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आहे. पहिल्या महिन्यात दोनशे पावलं तरी. मी मोजून पाहिलं, आमच्या दारापासून कोपऱ्यावरची टपालपेटी एकशे नव्वद पावलांवर आहे. म्हणजे पेटीपर्यंत जाऊन हात लावून आलं तरी झालं. पण ती दारापर्यंत जाते आणि मागे फिरते. "अशी कशी जाऊ?" म्हणते. मी म्हटलं, अशी म्हणजे कशी? तर पाठ फिरवून आत गेली.

मग मला उलगडलं. तिचे जे आतले कपडे आहेत त्यांचे हुक मागे आहेत. हात मागे नेता येत नाहीत, हाड बांधलेलं आहे. आणि त्या कपड्याचा खालचा पट्टा नेमका ओलीच्या जागेवर येतो. म्हणून तिनं ती वस्तू घालणंच सोडलं आहे. दिवसभर माझा जुना सदरा घालून, दोन्ही हात छातीखाली धरून बसते. मला वाटायचं थंडी वाजते. मी तिला शालीवर शाल देत होतो.

काल मी दुकानात गेलो. तिथली मुलगी म्हणाली, "काय दाखवू काका?" मी मोज्यांचे तीन जोड घेऊन परत आलो.

चाळीस वर्षं मी पुरुषांच्या पॅन्ट शिवल्या. बाईचं माप कधी घेतलं नाही, लग्न झाल्यावरसुद्धा. तू बत्तीस वर्षं बायकांच्या असल्याच कपड्यांच्या दुकानात आहेस, म्हणून तुला विचारतो. काय घ्यायचं, कसं घ्यायचं ते कळव. दवाखान्यात कुणी काही सांगितलं नाही. मुलगा जहाजावर आहे, त्याला काय विचारणार?

एक गोष्ट मात्र सांभाळ. मी तुला लिहिलं हे तिला कळता कामा नये. तू नोकरीला लागलीस तेव्हा ती काय बोलली होती ते तू विसरली नसशील. तीही विसरलेली नाही.

तुझा,
दादा


९ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. तुझं पत्र दुकानात काउंटरवर उभ्यानंच वाचलं आणि मोज्यांपाशी आले तेव्हा इतकी हसले की एक गिऱ्हाईक निघून गेलं. तीन जोड! निदान वहिनीच्या पायांना तरी ऊब मिळाली.

पहिली गोष्ट. त्या वस्तूला ब्रा म्हणतात. कागदावर लिहून बघ, घर पडत नाही.

दुसरी गोष्ट, आणि ही हसण्यावारी नेऊ नकोस. ओल का वाळत नाही त्याचं एक कारण तुझ्याच पत्रात आहे. वहिनी अंगानं भरलेली आहे. आधार नसला की छातीचं वजन दोन्ही बाजूंना आणि खाली ओढ घेतं, आणि ती सगळी ओढ त्या शिवणीवर येते. ती हातांनी धरून बसते ते थंडीनं नाही. जे काम कपड्यानं करायचं ते बिचारी हातांनी करते आहे. शाली काढून घे.

आमच्याकडे अशा बायका महिन्यातून दोन-तीन येतात. त्यांना जे देते ते सांगते. समोरून उघडणारी ब्रा हवी, म्हणजे हात मागे न्यावे लागत नाहीत. खांद्याचे पट्टे रुंद आणि समोरूनच चिकटपट्टीनं, म्हणजे वेल्क्रोनं, लागणारे. आत तार नको, कसलीच. कापड मऊ सुती, शिवणी बाहेरच्या बाजूला. खालचा पट्टा चांगला रुंद, म्हणजे एका रेषेत रुतत नाही. घट्ट नको आणि लोंबती तर मुळीच नको. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत, तिसरं अडलं पाहिजे. पहिले काही आठवडे रात्रीसुद्धा काढायची नाही. जखमेवर पट्टी असू दे आणि त्या छताकडे बघणाऱ्या माणसाला विचारून मगच घालायची. त्याची मान खाली करायचं काम तुझं.

बाकी कपडे सगळे समोर बटणांचे. डोक्यातून घालायचं काही नको. गाडीतून जाताना सीटचा पट्टा आणि छाती यांच्यामध्ये लहान उशी.

तयार माल तिच्या मापात मिळेलच असं नाही. मीच शिवते. दोन मापं पाठव. छातीच्या बरोबर खालून एक आणि सगळ्यात भरलेल्या जागेवरून एक. उभं राहून, श्वास सोडून.

दवाखान्यात कुणी सांगितलं नाही हे मला पटत नाही. सुट्टी देताना नर्स बायकांना हे सांगतेच. पण असो.

वहिनी काय बोलली होती ते मी विसरले नाही. "बायकांच्या छात्या मोजायची नोकरी" असं म्हणाली होती, आणि चूक काय म्हणाली? तेच तर करते.

चिमणी


१५ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

आशीर्वाद. तुझं पत्र मी जिन्यातच फोडलं आणि वाचून शिवणाच्या मशीनच्या खणात ठेवलं. तिथे ती हात घालत नाही, तेलाचा वास येतो म्हणून.

मापं घेतली. कशी घेतली ते लिहितो, म्हणजे तुला कळेल मला काय काय करावं लागलं. मी म्हटलं, तुला समोर बटणांचा एक झगा शिवतो. ती म्हणाली, "तुम्ही? मला?" मी म्हटलं, हो, मशीन गंजत पडलं आहे. ती म्हणाली, "पॅन्ट शिवाल." तरी उभी राहिली. मी टेप लावली तेव्हा तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड केलं आणि मी टेपकडे. झग्याला इतक्या खालचं माप कशाला, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, नवी पद्धत आहे.

छातीच्या खाली छत्तीस. भरलेल्या जागेवर त्रेचाळीस. मापांची काळजी करू नकोस. नेहमीच्या पद्धतीनं लिहिली आहेत, चाळीस वर्षांत माझ्या मापाची एक पॅन्ट परत आलेली नाही.

पट्टीवाल्याला विचारलं. आधी तो लाजला, मग मी लाजलो, मग तो म्हणाला की आधार चांगलाच, फक्त घासता कामा नये. ओल आहे तेवढीच आहे. कडा थोड्या लाल वाटतात. मला लाल वाटतात, त्याला गुलाबी वाटतात. माझा चष्मा जुना आहे आणि तो तरुण आहे, म्हणून त्याचं धरून चाललो आहे, पण झोप लागत नाही. तीन मार्चला मोठ्या डॉक्टरांकडे दाखवायला न्यायचं आहे. तोवर वाळली पाहिजे. नाही वाळली तर काय करतात ते मी विचारलं नाही. विचारलं की उत्तर मिळतं.

काल ती दाराबाहेर दोन पायऱ्या उतरली. खाली बाकावरच्या बायकांचं हसणं ऐकू आलं. त्या आपसातलं काहीतरी हसत होत्या. ती वर आली आणि सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावून पडून राहिली.

लवकर शिव. आणि झगा शिवतो असं म्हणून बसलो आहे, तर तोही शिवावा लागेल. बाईच्या झग्याला बाही कुठे बसते तेही कळव.

दादा


१९ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. पार्सल सोबत आहे. दोन नग, एक अंगावर आणि एक धुवायला. आमच्याकडचं सगळ्यात मऊ सुती कापड घेतलं आहे, तीनदा धुऊन मगच कापलं. समोर चिकटपट्टी आहे, तिच्या आत कापडाची झडप आहे म्हणजे खरखर कातडीला लागणार नाही. खालचा पट्टा चार बोटं रुंद.

अशा ऑपरेशननंतर अंगाला सूज असते. म्हणून आमच्या रिवाजाप्रमाणे तुझ्या मापावर दीड इंच जास्त धरला आहे. घरातच आधी तासभर घालून पाहू दे. कुठे रुतलं, कुठे घासलं तर लगेच काढायची.

बाही खांद्यावर बसते, दादा. पुरुषाची बसते तिथेच.

एक गोष्ट मात्र तू विचारात घेतलेली दिसत नाही. मी पट्ट्याच्या टोकाला निळ्या दोऱ्याचे तीन टाके घालते. बत्तीस वर्षांची सवय आहे, हात ऐकत नाही. तुमच्या मुलाच्या लहानपणीच्या दुपट्यांवर तेच टाके होते. वहिनीची नजर तीक्ष्ण आहे. दुकानातून आणली असं सांगणार असशील तर आधी ते उसवून टाक.

चिमणी


२४ फेब्रुवारी

चिमणे,

टाके उसवले नाहीत. विसरलो. पण ते नंतरचं.

ब्रा तिच्यापुढे ठेवली. हातात घेतली, कापड गालाला लावून पाहिलं. मी म्हटलं, दुकानातून आणली. ती आत गेली, दार लावलं. स्वतःच्या हातांनी समोरून घातली, कुणाची मदत लागली नाही. मी बाहेर उभा होतो. मला वाटलं, सुटलो.

अर्ध्या तासानं बाहेर आली तेव्हा तिचे हात परत छातीखाली होते. ब्रा खाली लोंबत होती. आधार काही नाही, आणि रुंद पट्टा चालताना वरखाली सरकून नेमका ओलीच्या जागेवर घासत होता. पट्टीवर रक्ताचा डाग आला. रुपयाएवढा, पण रक्त ते रक्तच.

मी खाली बसलो आणि कागदावर आकडे मांडले. चूक माझी आहे. आमच्या दुकानात अंगाचं माप लिहीतच नाहीत. गिऱ्हाईक जेवतं, बसतं, वाकतं, म्हणून दोन इंच सैल धरूनच आकडा वहीत टाकायचा, म्हणजे कापणाऱ्याचा घोळ होत नाही. चौदाव्या वर्षी मालकानं हे शिकवलं, शाळेनं पाचवीपर्यंत शिकवलं ते सगळं गेलं पण हे राहिलं. तिचं अंगाचं माप चौतीस आणि एक्केचाळीस. मी दोन सैल धरून तुला पाठवलं, तू त्यावर दीड धरलास. साडेतीन इंच! तेवढ्यात माझा हात आत जाईल.

मग ती पट्ट्याचं टोक माझ्यासमोर धरून उभी राहिली. निळे तीन टाके. "माझ्या छातीचं माप टपालानं फिरतंय का?" म्हणाली. "आणि तेही वन्संकडे?" त्याला दोन दिवस झाले, बोललेली नाही. चहा हवा असला तर कपबशी वाजवते.

काल पट्टीवाल्यानं छताकडे पाहिलं नाही. जखमेकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाला, दोन्ही बाजूंनी कातडी ओढली जाते आहे. आधार मिळाला तर धरेल. नाही तर मोठे डॉक्टर परत आत घेतील, साफ करून पुन्हा शिवतील. मी म्हटलं, पुन्हा म्हणजे पुन्हा सगळं? तो म्हणाला, वयाच्या मानानं दुसऱ्यांदा न लागलेलं बरं. एवढंच म्हणाला.

आता एक सांगतो. दवाखान्यात कुणी काही सांगितलं नाही असं मी लिहिलं होतं, ते खोटं आहे. सुट्टीच्या दिवशी नर्स खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, आता कपड्यांचं सांगते, आजोबा तुम्हीही ऐका. मी उठलो आणि बाहेर व्हरांड्यात गेलो. बाईमाणसाचं बोलणं, असं वाटलं. तिथे माशांची एक काचपेटी होती, ती पाहत उभा राहिलो. परत आलो तेव्हा नर्स दुसऱ्या पलंगाकडे गेली होती. ही औषधाच्या गुंगीत होती, हिला काय आठवणार? ऐकायला मीच होतो. मी मासे पाहत होतो.

दोन्ही नग उद्या परत पाठवतो. जमेल तितक्या लवकर घे. तीन तारीख तोंडावर आली.

दादा


२६ फेब्रुवारी, जलद टपालानं

दादा,

नग परत पाठवू नकोस! पाठवले असलेस तर टपाल कचेरीत जाऊन परत घेऊन ये. यायला तीन दिवस, शिवायला एक, जायला तीन. तीन मार्च निघून जाईल.

तुझ्याकडे मशीन आहे आणि हात आहेत. चाळीस वर्षं तू लोकांच्या कंबरा कमी केल्यास. ही कंबरच समज, थोडी वर सरकलेली.

समोरच्या बाजूला हात लावायचा नाही. मागच्या बाजूलाही नाही. काखेखालच्या दोन शिवणी उसव. प्रत्येकीतून इंचभर आत घे, म्हणजे दोन इंच जातील. माझा दीड राहू दे, तो सुजेचा आहे. जादा कापड कापायचं नाही, बाहेरच्या अंगाला दुमडून सपाट शिवायचं, पॅन्टच्या पायाची आतली शिवण मारतोस तशी. बारीक सुई घाल, पॅन्टची जाड सुई घालशील तर कापडाची चाळण होईल. खांद्याचे पट्टे चिकटपट्टीचे आहेत, ते तीच लावून घेईल.

पण मशीनला हात लावण्याआधी माप पुन्हा घे. आणि यावेळी झग्याच्या गोष्टी सांगू नकोस. हे पत्रच तिच्या हातात दे.

वहिनी, आता हे तुला लिहिते. रागाव, पण राग ब्रा घालून कर. दादानं विचारलं ते मला, पण शिवली ती तुझ्यासाठी. बत्तीस वर्षांत मी किती बायका मोजल्या त्याचा हिशेब नाही, आणि एकीचीही छाती मला आठवत नाही. आकडा कागदावर उतरला की बाई बाहेर राहते. तुझाही मी फक्त आकडाच पाहिला, आणि तोही चुकीचा. तेव्हा लाजायचं असेल तर दादानं लाजावं.

नर्सचं मी काही म्हणत नाही, दादा. ते तुलाच तिला सांगावं लागेल.

चिमणी


६ मार्च

प्रिय चिमणे,

आशीर्वाद. नग पाठवले नव्हते. पार्सल बांधून झालं होतं, पण सुतळीची गाठ मला पसंत पडेना म्हणून राहिलं होतं. माझ्या काळजीचा हा एकच फायदा आजवर झाला.

तुझं पत्र अठ्ठावीसला आलं. मी ते तिच्या पांघरुणावर ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. मग कपबशी वाजली. मी चहा घेऊन गेलो. ती पलंगाच्या कडेला बसली होती, सदऱ्याची वरची बटणं काढून. म्हणाली, "टेप आणा. आणि चष्मा पुसा."

दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. मी टेप फिरवली. यावेळी तिनं घड्याळाकडे पाहिलं नाही, टेपकडे पाहिलं आणि आकडा स्वतः वाचला. "चौतीस. लिहा चौतीस. सैल धरू नका." मी चौतीस लिहिलं. हात लिहीत नव्हता, आपोआप छत्तीसकडे जात होता. तिनं कागद ओढून घेतला आणि पाहिला.

मग मी तिला नर्सचं सांगितलं. वाटलं होतं, आणखी तीन दिवस कपबशी वाजेल. ती म्हणाली, "मला माहीत आहे." मी म्हटलं, तू गुंगीत होतीस. म्हणाली, "इतकी नव्हते. नर्स सांगत होती ते माझ्या कानावर पडत होतं, पण डोक्यात शिरलं नाही. तुम्ही दारातून कुठे चाललात तेच मी पाहत होते."

मी मशीनवर जाऊन बसलो.

तू सांगितलंस तसं केलं. पहिली शिवण उसवायला अर्धा तास लागला, तुझे टाके हट्टी आहेत. बारीक सुई घातली. ती पलंगावरून सूचना देत होती, "हळू. ती पॅन्ट नाही." निळे टाके तसेच ठेवले. तिनं ठेवायला सांगितले.

घातली तेव्हा पट्ट्याखाली दोन बोटं गेली, तिसरं अडलं. मी नाही, तिनंच पाहिलं. ती खोलीत चार फेऱ्या मारून आली आणि टेबलावरचा कप उचलून प्याली. एवढ्यात काय विशेष असं तुला वाटेल. महिनाभरात प्रथमच तिचे दोन्ही हात मोकळे पाहिले मी. एका हातात कप होता आणि दुसऱ्या हातानं ती मला उठा म्हणून खूण करत होती, मी तिच्या शालीवर बसलो होतो.

तीन तारखेला टॅक्सीनं नेलं. पट्ट्याखाली उशी दिली. मोठे डॉक्टर आले आणि त्यांनी जखम पाहिली. म्हणाले, कडा धरायला लागल्या आहेत, रक्त नाही, ओल आहे पण कमी आहे. आज आत घेत नाही. सतरा तारखेला परत दाखवा, तेव्हा ठरवू. हे काय घातलं आहे, कुठून आणलं, असंही विचारलं. मी म्हणणार होतो दुकानातून. ती म्हणाली, "नणंदेनं शिवलं, नवऱ्यानं बिघडवलं, नवऱ्यानंच दुरुस्त केलं." नर्स हसली. तीच नर्स होती. ती परत सगळं सांगायला बसली, आणि मी खुर्ची जवळ ओढून शेवटपर्यंत ऐकलं. तू लिहिलंस तेच होतं, शब्द न शब्द. एक जास्तीचं सांगितलं, की कुशीवर झोपायचं नाही. ते मी कागदावर लिहून घेतलं.

पण ठरवू म्हणाले, वाळेल म्हणाले नाहीत. सतरा तारखेपर्यंत मला चैन नाही. अजून ती जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंतच जाते. बाकावरच्या बायका दिसल्या की थांबते.

झगा कापून झाला आहे. दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या निघाल्या.

दादा


२० मार्च

वन्संना सप्रेम नमस्कार,

ह्यांना मी सांगितलं आहे की या खेपेला मी लिहिते, तुम्ही गप्प बसा. ते गप्प बसले आहेत, पण समोरच बसले आहेत. त्यांनी तुम्हाला आजवर जे लिहिलं त्यातलं अर्धं खरं धरा आणि उरलेल्याची त्यांनी मनापासून काळजी केली होती असं समजा.

सतरा तारखेला गेलो होतो. कोरडी आहे. डॉक्टरांनी बोट लावून पाहिलं, मग कापूस लावून पाहिला, मग ह्यांनी चष्मा लावून पाहिलं. परत आत न्यायचं नाही.

आता कामाचं. सूज उतरली आहे. काल मी स्वतः आरशासमोर उभी राहून माप घेतलं आहे. खाली तेहतीस, वर चाळीस. हे अंगाचं माप आहे, सैल धरलेलं नाही. तुम्हाला काय धरायचं ते तुमच्या रिवाजानं धरा. आणखी दोन नग शिवाल का? कापड तेच, पट्टा तेवढाच रुंद. रंग पांढरा नको, दवाखान्याची आठवण होते. निळा चालेल. मग तुमचे टाके दिसणार नाहीत, तर ते लाल दोऱ्याचे घाला.

तुम्ही लिहिलंत की तुम्हाला एकीचीही छाती आठवत नाही. ते वाचून मला बरं वाटलं, का ते सांगता येत नाही. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा मी जे बोलले होते ते मला आठवतं. तुम्ही ते खरं म्हणून धरून बसलात, हे मला आता मशीनच्या खणातली तुमची पत्रं वाचून कळलं. मी तुमच्या जागी असते तर पार्सलमध्ये मोजेच पाठवले असते.

बाकावरच्या बायकांचं ह्यांनी लिहिलं असेल. परवा मी थांबले, तर त्यातली एक म्हणाली, "या की, जागा आहे." मी बसले. ती म्हणाली, तिचं पण झालंय, चार वर्षांपूर्वी. गळ्याजवळचं टोक दाखवलं. रोज त्याच बाकावर बसते आणि मी रोज तिला पाहून मागे फिरत होते. तिला तुमचा पत्ता दिला आहे. तिचं माप ती स्वतःच पाठवेल.

हे पत्र पेटीत टाकायला मी एकटी जाणार आहे. ह्यांना खिडकीतून पाहायची परवानगी दिली आहे, मागून यायची नाही. पेटीचं तोंड माझ्या खांद्याच्या उंचीवर आहे. डॉक्टरांनी हात तितकाच वर न्यायला सांगितला आहे, त्यापुढे नाही.

तेव्हा हे पत्र तुम्हाला मिळालं, तर समजा की हात पोचला.

तुमची,
वहिनी